पीएचसीचं एनक्वास आलंय, सुरुवात कुठून करायची? (अनुभव असलेल्यांनी सांगा)

वऱ्हाडातली_नर्स

नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) स्टाफ नर्स आहे. सहा खाटा, डिलिव्हऱ्या बऱ्यापैकी होतात, पावसाळ्यात साप आणि फवारणीचे पेशंट पण येतात. टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं की यंदा आपलं केंद्र एनक्वासला (सरकारी दवाखान्यांची राष्ट्रीय गुणवत्ता तपासणी) पाठवायचं, आणि क्वालिटी नोडल म्हणून माझं नाव टाकलं. चेकलिस्ट हातात आली तर जाडजूड निघाली, ओपीडी, लेबर रूम, वॉर्ड, लॅब, राष्ट्रीय कार्यक्रम, प्रशासन असे सहा विभाग आणि प्रत्येकात चेकपॉइंटच चेकपॉइंट. एमओ (वैद्यकीय अधिकारी) सर मदत करतात पण ओपीडी, कॅम्प, व्हीसी (ऑनलाइन मीटिंग) यातून त्यांना वेळ मिळत नाही, सफाईवाली ताई एकच आणि ती पण कंत्राटी. ग्रामपंचायत म्हणून राहिली की रंग आम्ही मारून देतो, त्यामुळे सगळ्यांचं म्हणणं आहे की आधी रंग, बोर्ड, कुंड्या करून घ्या. मला काही ते पटून नाही राहिलं. ज्यांचं केंद्र पास झालंय त्यांनी सांगा ना, पहिलं काम कोणतं करू?

जुनी_मेट्रन

ताई, तुम्हाला पटून नाही राहिलं ते बरोबरच आहे. रंग राहू द्या सध्या.

मी आता रिटायर आहे पण नोकरीची शेवटची वर्षं याच कामात गेली, आधी कायाकल्प (स्वच्छतेची योजना), मग लक्ष्य (लेबर रूमच्या दर्जाची), मग एनक्वास. पहिलं काम म्हणजे तुमची स्वतःची बेसलाइन. चेकलिस्ट घेऊन एकेका विभागात बसायचं आणि खरे मार्क द्यायचे, पूर्ण असेल तर २, अर्धवट असेल तर १, नसेल तर ०. स्वतःला जास्त मार्क देऊ नका, पुढे तेच नडते, कारण या बेसलाइनवरूनच गॅप निघतात आणि गॅपवरूनच रुग्ण कल्याण समितीसमोर पैसे मागता येतात. शून्य दिसला तर समितीला समजते की इथं खर्च पाहिजे.

दुसरी गोष्ट, चेकलिस्टमध्ये प्रत्येक मुद्द्यापुढे तपासायची पद्धत लिहिलेली असते, डोळ्यांनी पाहणे, स्टाफला विचारणे, रेकॉर्ड पाहणे आणि पेशंटला विचारणे. लोक फक्त रेकॉर्डच्या मागे लागतात, फाइली शिवतात, लेबल चिकटवतात. असेसर (तपासायला येणारा) मात्र सरळ सफाईवाल्या ताईकडे जातो आणि विचारतो, रक्त सांडलं तर काय करता, द्रावण कसं बनवता. तिला सांगता आलं पाहिजे आणि त्याच्यासमोर करून दाखवता आलं पाहिजे. म्हणून तुमच्या क्वालिटी टीममध्ये ती ताई पहिल्या दिवसापासून पाहिजे, फार्मासिस्ट, लॅबवाले, आरोग्य सेविका, क्लार्क यांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसलेली.

आणि मग लेबर रूम. मी तर सगळ्यांना हेच सांगते की गॅप काढल्यावर क्रम लावायचा तो जिवाच्या धोक्याप्रमाणे. सात ट्रे लागलेले आहेत का (डिलिव्हरी, एपिसिओटॉमी, बेबी, औषध, इमर्जन्सी औषध, गर्भपिशवी साफ करायचा एमव्हीए, डिलिव्हरीनंतर तांबी बसवायचा पीपीआययूसीडी), रेडियंट वॉर्मर (बाळाला ऊब देणारं मशीन) चालू करून पाहिला का, बॅग अँड मास्क नवजाताच्या दोन्ही साइजचे आहेत का, ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये ठेवलंय का, पार्टोग्राफ (डिलिव्हरी कशी पुढे सरकते त्याचा तक्ता) डिलिव्हरी चालू असताना भरते की बाळ झाल्यावर. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नंतर भरलेला पार्टोग्राफ दिसायला सुंदर असतो, रेषा सरळ जाते, पण अडलेली बाई वेळेवर रेफर करायला तो काहीच कामाचा नाही. माझ्या मते एनक्वासमधून पीएचसीला दुसरं काही नाही मिळालं आणि फक्त पार्टोग्राफ वेळेवर भरायची सवय लागली तरी ते सगळं वसूल आहे.

बाकी पास व्हायचं गणित असं की एकूण ७० टक्के तर पाहिजेच, पण प्रत्येक विभागात पण पाहिजे, ओपीडीत ९५ आणि लॅबमध्ये ५५ असं चालत नाही. सर्टिफिकेट ३ वर्षांचं असते आणि मधल्या वर्षांत राज्याची टीम पुन्हा पाहून जाते.

खरं_बोलतो

मॅडम तुमचा आदर आहे पण मी कंत्राटी कर्मचारी म्हणून सांगतो, जे चालते ते मी पाहून राहिलो. एका ठिकाणी (नाव नाही घेत) असेसमेंटच्या आधी शेजारच्या केंद्रातून चादरी आणल्या, वॉर्मर आणला, दोन सिस्टर डेप्युटेशनवर आणल्या आणि टीम गेली की सगळं परत. सहा महिन्यांची तापमान रजिस्टरं दोन रात्रीत भरली. पगार वेळेवर नाही, पदं रिकामी, अन् वरून सर्टिफिकेट पाहिजे. ज्या केंद्रात तीन माणसं कामाला आहेत तिथं दहा माणसांचं रेकॉर्ड कोण ठेवणार? आधी माणसं द्या मग क्वालिटी मागा, माझं तर हेच म्हणणं आहे.

जुनी_मेट्रन

दादा, तुम्ही लिहिलं ते होते आणि ते चुकीचंच आहे. उसन्या वॉर्मरवर सर्टिफिकेट मिळालं तर दुसऱ्या दिवशी जन्मलेल्या बाळाला थंडी वाजणारच.

पण एक सांगते. माणसांची कमतरता बोलून दाखवायची जागा या पद्धतीतच आहे. आठ क्षेत्रं असतात, सेवा उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, सहाय्यक सेवा, वैद्यकीय सेवा, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि शेवटी परिणाम. तिसऱ्या क्षेत्रात मनुष्यबळ येते. तिथं शून्य द्या आणि शून्यच ठेवा, लपवू नका. आयपीएचएसप्रमाणे (सरकारी दवाखान्यांचे राष्ट्रीय निकष) किती पदं पाहिजेत आणि किती भरली आहेत हे जिल्ह्याच्या क्वालिटी कमिटीपुढे सहीसकट जाते. आम्ही तोंडी सांगत होतो तेव्हा कोणी ऐकत नव्हतं, गॅप स्टेटमेंटमध्ये लिहून गेलं तेव्हा निदान एक जागा भरली. दरवेळी भरतेच असं मी म्हणणार नाही.

आणि दोन रात्रीत भरलेलं रजिस्टर जुना असेसर लगेच ओळखतो. एकच पेन, एकच अक्षर, ज्या सिस्टरची रजा होती त्या दिवशी पण तिचीच सही, आणि भर मे महिन्यात आयएलआरचं (लसीच्या फ्रीजचं) तापमान रोज ४ चं ४.

औषधवाला_भाऊ

आयएलआरचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी फार्मासिस्ट आहे अमरावती जिल्ह्यात.

लसीचं तापमान २ ते ८ डिग्री, दिवसातून दोनदा नोंद, सुट्टीच्या दिवशी पण. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाइन कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आपल्या भागातल्या केंद्रानं वीज गेल्यावर काय करायचं ते कागदावर लिहून आयएलआरच्या वरच चिकटवलं पाहिजे. किती वेळ झाकण उघडायचं नाही, मग लस कोल्ड बॉक्समध्ये कोण हलवणार, कोणत्या केंद्रात नेणार, त्याचा फोन नंबर. हे असेसर हमखास विचारतो आणि विचारलंच पाहिजे. उघडलेल्या वायलचं (लसीच्या बाटलीचं) पण पाहा, पेंटा, टीडी यांच्या वायलवर उघडल्याची तारीख-वेळ पाहिजे आणि नियमात बसत असेल तर २८ दिवस चालतात, बीसीजी आणि एमआर मात्र पातळ केल्यावर ४ तासांत फेकायच्या म्हणजे फेकायच्याच.

स्टोअरमध्ये सगळ्यात जास्त मार्क जातात ते एक्स्पायरीमध्ये नाही, सारख्या दिसणाऱ्या औषधांमध्ये. एकसारखे अँप्युल शेजारी शेजारी ठेवलेले असतात, रात्री घाईत हात चुकीच्या अँप्युलवर जातो. त्यांची यादी करा, वेगळ्या कप्प्यात ठेवा, वर लाल लेबल. जे आधी एक्स्पायर होणार ते पुढे. आणि इमर्जन्सी ट्रेमध्ये अ‍ॅट्रोपिन भरपूर ठेवा ताई, तुमचा जिल्हा यवतमाळ आहे, २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चेकलिस्टमध्ये औषध आहे की नाही एवढंच विचारतील, किती असायला पाहिजे ते आपल्या भागातला पेशंट ठरवतो.

कापूसवाला

मी शेतकरी माणूस, दवाखान्यातला नाही. पण वाचून राहिलो म्हून विचारतो. हे सर्टिफिकेट लागलं तं आमाले काय फायदा? माह्या सुनेची डिलिव्हरी झाली गेल्या साली, एका सरकारी दवाखान्यात, रातच्याले गेलो तं लाइटच नोती, मोबाइलच्या उजेडात पायलं सिस्टरनं. सिस्टर चांगली होती बिचारी, तिच्यानंच निभलं. पण औषद बाहेरून आणाले लावलं, गाडी पण आमीच केली. आमच्या गावच्या पीएचसीले पण आता बोर्ड लागला म्हणे क्वालिटीचा. मंग आमी कसं पाहाचं का खरंच सुधारलं का नाही?

गटप्रवर्तक_ताई

काका, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. गरोदर बाईची डिलिव्हरी, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, आणायची-न्यायची गाडी हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून. नॉर्मल डिलिव्हरीला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण. १०२ ची गाडी घरून नेते आणि घरी सोडते. बाहेरून औषध आणायला लावलं तर तुम्ही बिल जपून ठेवा आणि तक्रार पेटीत लिहून टाका, आणि पीएचसीच्या समितीत गावचे लोक असतात त्यांच्याकडे पण सांगा. एनक्वासमध्ये हे थेट विचारतात. असेसर वॉर्डातल्या बाईजवळ बसून विचारतो, तुमचे पैसे लागले का, डिलिव्हरीच्या वेळी सोबत कोणी होतं का, पडदा लावला होता का, कोणी ओरडलं का. ती बाई जे सांगते त्याचे मार्क असतात. रुग्ण समाधानाचा सर्व्हे पण दर महिन्याला घ्यायचा असतो.

तेव्हा काका, तुम्ही जाल तेव्हा चार गोष्टी पाहा. कोणत्या सेवा आणि कोणती औषधं आहेत ते बाहेर लिहिलंय का, रात्री लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लागते का, लेबर रूममध्ये बाईजवळ घरची बाई बसू देतात का, आणि संडास वापरण्यासारखा आहे का.

नर्स ताईंना एक सांगते. आमच्या भागात कोलाम पोडं (आदिवासी वस्त्या) आहेत, बंजारा तांडे आहेत. बोर्ड नुसते मराठीत आणि ते पण सरकारी मराठीत लावले तर ती बाई काय वाचणार. चित्रं लावा. आणि आशा ताईंना असेसमेंटच्या तयारीत घ्या, कारण पोडावरची बाई दवाखान्यात का येत नाही हे तुमच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसते, आशाला ते माहीत असते.

तालुक्याचा_डॉक्टर

खाजगीवाल्यांच्या बाजूनं थोडं लिहितो. माझं तालुक्याच्या गावी ३० खाटांचं हॉस्पिटल आहे, आम्ही एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) रस्त्यानं गेलो. सरकारीला एनक्वास, आम्हाला एनएबीएच असं ढोबळ समजा, जरी सरकारी दवाखाने पण एनएबीएच घेऊ शकतात. ५० खाटांपर्यंत छोट्या हॉस्पिटलचे वेगळे निकष आहेत, आणि एकदम पूर्ण अ‍ॅक्रेडिटेशन झेपत नसेल तर एंट्री लेव्हलनं सुरू करता येते. मोठ्या निकषांत १० प्रकरणं आहेत, पाच पेशंटच्या उपचाराभोवती आणि पाच संस्थेच्या कारभाराभोवती. लोक पैशाचं विचारतात म्हणून सांगतो, सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) एनएबीएच नसलेल्या हॉस्पिटलला दर १५ टक्के कमी मिळतात, विमा कंपन्या पण विचारतात, पण आमच्यासारख्या गावी त्याचा फार फरक पडत नाही. आम्ही केलं ते दुसऱ्या कारणानं.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर मला झोपच लागेना, कारण आमच्याकडे पण एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष) आहे, तेच वॉर्मर, तोच ऑक्सिजन, तेच एक्स्टेंशन बोर्ड. आम्ही कन्सल्टंट बोलावला तेव्हा पहिलं वाक्य मी हेच म्हटलं की मला आगीपासून सुरू करायचंय. इलेक्ट्रिक ऑडिट केलं, लोड मोजला, एक्स्टेंशन बोर्ड सगळे काढले, एनआयसीयूत दुसरा दरवाजा पाडला. फायरचं फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून द्यायचं असते, ते कागदावर सगळेच देतात, पण रात्रपाळीच्या सिस्टरला विझवायचं नळकांडं हातात धरून पिन ओढता येते का, हा खरा प्रश्न. आम्ही मॉक ड्रिल दिवसा घेणं बंद केलं. रात्री २ ला घेतो, जेव्हा दोनच माणसं असतात, बाळांच्या जागी उशा ठेवून, आणि बाहेर काढायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवतो. ताई, तुमच्याकडे एनआयसीयू नसेल पण वॉर्मर आहे, ऑक्सिजन सिलिंडर आहे. एकदा रात्री करून पाहा.

परवान्यांची फाइल पण आधीच काढून ठेवा, बायोमेडिकलची प्रदूषण मंडळाची परवानगी, त्याचा वार्षिक अहवाल ३० जूनच्या आत, इत्यादी. ऐन वेळी तेच सापडत नाही.

खरं_बोलतो

डॉक्टर साहेब हे रात्रीच्या ड्रिलचं पटलं. असं केलं तर मी पण येईन ड्युटी नसताना.

झाडीपट्टीचा_लॅबवाला

लॅबला सगळे शेवटी ठेवतात म्हणून लिहितो, मी गडचिरोलीकडचा.

सापाचा पेशंट आला की २० मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट करायची असते, दोन मिली रक्त काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदा तिरपी करून पाहायची. ट्यूब काचेचीच पाहिजे, नवी, कोरडी. साबणानं धुतलेली किंवा प्लास्टिकची वापरली तर निकाल चुकतो आणि त्या निकालावर एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) द्यायचं का नाही ते ठरते. तर अशा ट्यूब वेगळ्या डब्यात, वर लिहून, इमर्जन्सीच्या खोलीत ठेवा, लॅबमध्ये नाही, कारण रात्री लॅबला कुलूप असते. हा मुद्दा चेकलिस्टमध्ये अशा शब्दांत सापडणार नाही पण इमर्जन्सीची तयारी म्हणतात ती हीच ना.

सिकलसेल आपल्या पट्ट्यात आहेच. सोल्युबिलिटी (प्राथमिक टेस्ट) पॉझिटिव्ह आला की पेशंटला रिपोर्ट देऊन मोकळं व्हायचं नाही, पक्की टेस्ट कुठं पाठवली, कधी आली, घरच्यांना कोणी समजावलं, हे एका रजिस्टरमध्ये ओढून न्या. असेसरनं एक नाव काढून विचारलं की याचं पुढं काय झालं, तर उत्तर पाहिजे. तसंच धोक्याचे आकडे, हिमोग्लोबिन ५ आलं गरोदर बाईचं, तर लॅबवाल्यानं ताबडतोब डॉक्टरला फोन करून वेळ लिहायची. रिपोर्ट ट्रेमध्ये ठेवून घरी जायचं नाही. आणि महिन्यातून दोन-तीन नमुने दुसऱ्या लॅबकडून तपासून घ्या, आपलं मशीन बरोबर सांगते का ते कळते.

वऱ्हाडातली_नर्स

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं एमओ सरांना वाचून दाखवलं. आमचं ठरलं ते असं की या महिन्यात बेसलाइन खरीखुरी, रंग दिवाळीनंतर. लेबर रूम आणि इमर्जन्सी आधी. सरपंचांना रंगाऐवजी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मागितल्या, ते पाहतो म्हणाले. सफाईवाल्या ताईंना टीममध्ये घेतलं, त्या मीटिंगला आल्या आणि त्यांनीच सांगितलं की पिवळी पिशवी संपली की त्या काळ्या पिशवीत वार (प्लॅसेंटा) टाकतात कारण स्टोअरमधून पिशव्या महिन्यातून एकदाच मिळतात, आम्हा कोणालाच हे माहीत नव्हतं.

दोन शंका आहेत. द्रावण एक टक्क्याचं की अर्ध्या टक्क्याचं यावर आमच्यात वाद आहे. आणि आमच्याकडे बायोमेडिकलची गाडी रोज येत नाही, मग काय करायचं?

जुनी_मेट्रन

ताई, पिशव्यांचं कळलं हे फार चांगलं झालं. पिशव्यांचा इंडेंट आता त्या ताईंच्या सांगण्यावरून दर आठवड्याला काढा आणि फार्मासिस्टची सही घ्या.

द्रावणाचं असं, रक्त सांडलं तर एक टक्का हायपोक्लोराइट. तुमच्याकडे १० टक्क्याचं येत असेल तर एक भाग ते आणि नऊ भाग पाणी. अवजारं बुडवायला आपण जे अर्ध्या टक्क्याचं वापरतो ते ब्लीचिंग पावडरनं केलं तर लिटरभर पाण्यात तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि १० मिनिटं बुडवायचं. रोज ताजं करायचं, बादलीवर तयार केल्याची वेळ लिहायची. प्लास्टिकची बादली, झाकण पाहिजे. कोणतं कशाला याचा कागद ताईंच्या शब्दांत लिहून घ्या, त्यांना वाचता येत नसेल तर चमच्याचं आणि मगाचं चित्र काढा.

गाडीचं म्हणाल तर कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे, म्हणून एजन्सीबरोबर काय करार झालाय तो जिल्ह्याकडून मागवा, त्यात किती दिवसांनी यायचं ते लिहिलेलं असते. गाडी आली त्या दिवशी तारीख, किलो, बारकोड, ड्रायव्हरची सही, नाही आली तर तसंही लिहा आणि त्याच दिवशी टीएचओ ऑफिसला व्हॉट्सअ‍ॅप करा. दोन-तीन महिन्यांची अशी नोंद घेऊन एमओ सरांनी पत्र लिहिलं तर गाडीची फेरी वाढवून मिळते, आमची मिळाली होती. वार जिथं ठेवता ती जागा कुलूपबंद पाहिजे, कुत्री पोचायला नको, आणि दारावर बायोहझार्डचं चिन्ह.

बेसलाइन झाली की लेबर रूमची शीट इथं टाका, नावं झाकून. मी पाहून सांगते कोणते शून्य आधी भरायचे.